छतावरचा प्रोजेक्टर आणि पाच साधनं: तारा किती, कुठून, कोणत्या?

मनीषनगर_हॉल

नमस्कार मंडळी. नागपुरात मनीषनगरला घराचं काम सुरू आहे. हॉलचं पीओपी पुढच्या आठवड्यात बंद होईल, त्याआधी प्रोजेक्टरच्या तारांचं नक्की करायचं आहे. सगळी माहिती एकदमच देतो.

हॉल १८ × १२ फूट, छत १० फुटांवर. १०० इंची पडदा १२ फुटी भिंतीवर मधोमध. प्रोजेक्टर त्यापासून १४ फुटांवर छताला उलटा टांगणार. प्रोजेक्टर ४के दाखवणारा आहे, एचडीएमआय २.० चे दोन पोर्ट, एकालाही एआरसी (त्याच केबलनं आवाज परत पाठवायची सोय) नाही. आवाजासाठी फक्त ३.५ मिमीचं आउट. ५.१ चा (पाच स्पीकर, एक सबवूफर) रिसीव्हर आहे, एचडीएमआय चार इन आणि एक आउट, सेकंदाला १८ गिगाबिट आणि एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) दोन्ही चालतं. तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या कपाटात, जमिनीपासून अडीच फुटांवर बसेल.

जोडायचं काय: डीटीएचचा एचडी सेट-टॉप बॉक्स, ४के स्ट्रीमिंग स्टिक, पीएस५, यूएसबी-सीवाला लॅपटॉप, आणि एक जुना डीव्हीडी प्लेयर ज्याला एचडीएमआय नाही. घरच्या व्हीएचएस कॅसेटी पण आहेत, व्हीसीआर चालू आहे.

सध्या १५ मीटरची साधी तांब्याची एचडीएमआय केबल फरशीवरून टाकून बघून राहिलो आहे. साधनं एका छोट्या तीन पोर्टांच्या स्विचमधून थेट प्रोजेक्टरला. दिसतं ते असं: कन्सोलवर ४के लावलं की पांढरे ठिपके चमकतात आणि अधूनमधून दोन सेकंद पडदा काळा होतो. १०८०पीला सगळं शांत. सेट-टॉप बॉक्स कधी लागतो, कधी ‘नो सिग्नल’. आणि बॉक्सची एचडीएमआय पिन हातात धरली की हलक्या झिणझिण्या येतात.

छतात चार तारा टाकून ठेवू का? कोणत्या? आणि पाइप किती मिमीचा?

तारजोड_बर्डी

चार नको. वर एकच चित्राची तार न्या, पण ती पुढे बदलता येईल अशा पाइपातून न्या.

पाचही साधनं रिसीव्हरच्या आसपास कपाटात ठेवा. साधन ते रिसीव्हर एक-दीड मीटरची केबल. रिसीव्हरच्या आउटमधून एक लांब केबल प्रोजेक्टरच्या पहिल्या पोर्टला. तुमच्या प्रोजेक्टरला एआरसी नाही, म्हणून दुसरा रस्ता नाहीच: साधन थेट प्रोजेक्टरला लावलं तर आवाज ३.५ मिमीच्या आउटमधून परत खाली आणावा लागेल आणि तो निव्वळ स्टिरिओ असेल. ५.१ तिथेच संपलं. रिसीव्हर मध्ये बसवला की आवाज तो आधीच काढून घेतो, वर फक्त चित्र जातं. तो छोटा स्विच काढूनच टाका. त्याला स्वतःचा वीजपुरवठा नसतो, साधनाच्या एचडीएमआयमधले ५ व्होल्ट तो खातो, आणि त्याच ५ व्होल्टांवर पलीकडच्या यंत्राशी बोलणं चालू होतं. पुढे १५ मीटर तार असली की बॉक्स आणि प्रोजेक्टर यांच्यातली एचडीसीपीची देवाणघेवाण अर्ध्यावर तुटते. तुमच्या सेट-टॉप बॉक्सचं ‘कधी लागतो, कधी नाही’ बहुधा यातलंच आहे.

आता ठिपके आणि काळा पडदा. आकडे बघा. १०८०पी ६० हर्ट्झला साधारण ४.५ गिगाबिट प्रति सेकंद लागतात. ४के २४ हर्ट्झचा एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारा) सिनेमा ९ च्या आसपास. ४के ६० हर्ट्झ पूर्ण रंगात, किंवा ४:२:२ मध्ये (रंगांची माहिती थोडी कमी करून) एचडीआर, जवळजवळ १८. साधी तांब्याची केबल १८ गिगाबिटला ५ मीटरपर्यंत निर्धास्त चालते, चांगली जाड प्रमाणित केबल ७ मीटरपर्यंत ओढून नेते. १५ मीटरला १०८०पी जातं, ४के ६० जात नाही. आधी ठिपके येतात, चुका वाढल्या की प्रोजेक्टर सिग्नल सोडून पुन्हा पकडतो, तेच ते दोन सेकंदांचं काळं. यंत्रं ठीक असावीत. खात्री करायची तर कन्सोल आणि प्रोजेक्टर शेजारी ठेवून कन्सोलच्या खोक्यातलीच केबल लावा आणि ४के ६० वर अर्धा तास चालवा. ठिपका दिसला नाही तर दोष १५ मीटरवाल्या तारेचा, हे पक्कं.

लांबी मोजू या. रिसीव्हर अडीच फुटांवर, छत १० वर, म्हणजे चढ साडेसात फूट. कोपऱ्यातून मध्यापर्यंत ५ फूट. पडद्यापासून मागे १४. खाली उतरायला दीड. एकूण २८ फूट, म्हणजे साडेआठ मीटर. दोन्ही टोकांना एकेक मीटर सैल ठेवा, साडेदहा झाले. १० मीटरची तोकडी पडेल. १२ मिळाली तर उत्तम, नाहीतर १५.

या लांबीला ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्या, दुकानात ‘फायबर एचडीएमआय’ किंवा ‘एओसी’ म्हणून मागा. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते रिसीव्हरला. दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’, ते प्रोजेक्टरला. उलटी लागली तर काहीच दिसत नाही, आणि पीओपी झाल्यावर हे कळलं तर सगळी तार ओढून काढावी लागते. म्हणून पाइपात घालण्याआधी फरशीवर पसरून ४के ६० एचडीआर तासभर चालवून बघा, मग दोन्ही टोकांवर टेप लावून स्केचपेननं लिहा.

खोक्यावरच्या ‘२.१ व्हर्जन’वर जाऊ नका. केबलला व्हर्जन नसतो, वर्ग असतो: ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. दोन्हींच्या खोक्यावर फोननं तपासता येणारा क्यूआर कोडचा शिक्का असतो. तुमच्या प्रोजेक्टरला १८ पुरे. पण तार छतात वर्षानुवर्षं राहणार, म्हणून परवडत असेल तर ४८ ची घ्या.

फायबर आतून काचेचं असतं. वळण निदान ५ सेंटीमीटर त्रिज्येचं ठेवा, खिळ्याच्या क्लिपनं आवळू नका, उरलेली तार छोटं वेटोळं करून दोरीनं घट्ट बांधू नका. ओढताना टोकाला हिसका द्यायचा नाही. दोरी टोकामागच्या तारेवर हातभर लांब टेपनं गुंडाळून बांधा, म्हणजे ताण तारेवर येतो.

पाइप: एचडीएमआयचं टोक प्लॅस्टिकच्या कव्हरासकट साधारण २० मिमी रुंद आणि ११-१२ मिमी जाड असतं. २५ च्या पाइपात सरळ जातं, एल्बोवर अडकतं. ३२ चा टाका, ४० चा मिळाला तर आणखी बरं. काटकोनी एल्बो एकही नको, लांब बेंड वापरा. आत नायलॉनची दोरी कायमची सोडा, आणि जी तार ओढाल तिच्यासोबत नवी दोरीही ओढून घ्या.

वायरमन_प्रतापनगर

भाऊ, बाकी सगळं बरोबर आहे, पण आधी त्या झिणझिण्या बघा. पोर्ट जळतात ते यातूनच.

सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनचा असतो, त्याला अर्थिंग नाही. आत विजेतला गोंगाट मारायला एक छोटा कपॅसिटर मेन्स (घरच्या विजेची लाइन) आणि आउटपुटच्या मध्ये बसवलेला असतो. त्यातून अगदी थोडा करंट गळतो आणि बॉक्सची बॉडी, एचडीएमआयचं लोखंड, सगळं मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतं. हाताला चुणचुण लागते ते हेच. माणसाला त्यानं काही होत नाही. पण दुसरीकडे तीन पिनचा रिसीव्हर किंवा प्रोजेक्टर अर्थिंगला बांधलेला असतो. चालू असताना पिन घातली की तो साठलेला भार एका क्षणात पलीकडे जातो. बाहेरचं लोखंड आधी टेकलं तर वाचता. पिन तिरपी गेली तर सिग्नलच्या पिनांतून जातो. तिथे १५ आणि १६ नंबरच्या पिना ओळखपत्राची देवाणघेवाण करतात, त्या फार नाजूक असतात. त्या गेल्या की पोर्ट दिसायला धड, पण चित्र नाही, नाहीतर फक्त कमी रिझोल्यूशन. लोक मग केबलच बदलत बसतात.

काय करायचं:

कपाटात एकच चांगला तीन पिनचा बोर्ड, त्यावर सगळी साधनं. प्रोजेक्टरचा वरचा पॉइंटही त्याच सर्किटवरून न्या. वेगवेगळ्या सर्किटवर असले तर अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि स्पीकरमधून घूं आवाज येतो.

वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल जेवढं दाखवेल, फेज ते अर्थिंग जवळपास तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टांच्या आत. तिथे वीस-तीस दाखवून राहिलं तर अर्थिंग नावालाच आहे, आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा. घर बांधून राहिले आहात, आत्ता सोपं आहे. हे मोजमाप जिवंत तारेवरचं आहे, स्वतः करू नका.

एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हीकडची बटणं बंद. प्रोजेक्टरच्या बाबतीत रिमोटनं बंद करा, पंखा थांबू द्या, मग भिंतीवरचं बटण.

डिशची कोएक्सिअल तार गच्चीवरून थेट बॉक्समध्ये येते, बॉक्सची एचडीएमआय रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरची प्रोजेक्टरमध्ये. म्हणजे गच्चीपासून छतावरच्या महागड्या यंत्रापर्यंत धातूचा रस्ता तयार होतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे जो गडगडाट होतो त्यात वीज घरावर पडायलाच पाहिजे असं नाही, जवळ पडली तरी त्या तारेत झटका येतो. ढग दिसले की डिशची तार बॉक्सच्या मागून काढून ठेवायची. फक्त भिंतीवरचं बटण बंद करून उपयोग नाही. फायबर केबलनं झटका थोडा अडतो, पण ५ व्होल्ट आणि ओळखीच्या बारीक तारा बहुतेक फायबर केबलींत तांब्याच्याच असतात, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

मेन्सची तार आणि एचडीएमआय एका पाइपात अजिबात नाही. दोन वेगळे पाइप, मध्ये निदान फूटभर अंतर, आणि एकमेकांना ओलांडायचंच झालं तर काटकोनात.

मनीषनगर_हॉल

दोघांचेही आभार. कन्सोल आणि प्रोजेक्टर शेजारी ठेवून खोक्यातल्या केबलनं ४के ६० एचडीआर चालवलं. एकही ठिपका नाही. म्हणजे तारच. अर्थिंग उद्या मोजून घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. इतवारीतल्या एका दुकानात सांगितलं की फायबर कशाला, कॅट-६ टाका आणि दोन्हीकडे एक्स्टेंडर लावा, स्वस्तात होतं. दुसरं, नंतर पडद्यामागच्या भिंतीवर ५५ इंची टीव्हीही लावायचा विचार आहे, दिवसा बघायला. पडदा मोटरचा, वरून खाली येईल. रिसीव्हरला आउट एकच आहे.

दुसरा_पडदा

कॅट-६ एक्स्टेंडर दोन जातींचे असतात आणि दुकानात दोन्ही एकाच नावानं विकले जातात.

स्वस्त जात चित्र दाबून पाठवते. खोक्यावर ६० मीटर लिहिलेलं असेल, पण बारीक अक्षरात १०८०पी. चित्र दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो, त्यामुळे कन्सोलवर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते. एचडीआर बहुतेकांत जात नाही. काही प्रकार नेटवर्कवर चालतात, आणि ते घरच्या राउटरला जोडले की वायफाय बसतं. तुमच्या कामाचे नाहीत.

दुसरी जात एचडीबेसटी. ती खरी, ठिकठाक चालते, १०० मीटरपर्यंत जाते. पण जुन्या पिढीचे संच १०.२ गिगाबिटपर्यंतच, म्हणजे ४के ६० पूर्ण रंगात पाठवायला त्यांना चित्र दाबावं लागतं किंवा रंग कमी करावे लागतात. १८ गिगाबिट न दाबता नेणारी तिसरी पिढी आहे, पण घरगुती बजेटात बसत नाही. साडेआठ मीटरसाठी त्यात पैसे घालायचं कारण नाही. सभागृह, शाळा, मोठी मंदिरं, जिथे ३०-४० मीटर जायचं आहे, तिथे एचडीबेसटी घ्यावी.

कॅट-६ मात्र टाकाच. दोन तारा, ३२ च्या त्याच पाइपात किंवा शेजारच्या २० च्या पाइपात. प्रोजेक्टरला फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) द्यायला, उद्या वर एखादं साधन बसवायला, पडद्याच्या मोटरच्या ट्रिगरला, कशालाही चालेल. फक्त घेताना शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार बाजारात खूप आहे. ओळखायला बारीक तार ब्लेडनं खरवडा: आत पांढरी निघाली की ॲल्युमिनिअम.

टीव्हीचं जरा नीट समजून घ्या. एक इन, दोन आउट करणाऱ्याला स्प्लिटर म्हणतात. अनेक इन, एक आउट करणारा स्विच. दुकानात या दोन शब्दांचा गोंधळ नेहमीचा. स्प्लिटर रिसीव्हरच्या आउटवर लावला की तो टीव्ही आणि प्रोजेक्टर दोघांना विचारतो, तुम्हाला काय चालतं? दोघांत जे समान ते साधनाकडून मागवतो. समजा टीव्ही डॉल्बी व्हिजनवाला आहे आणि प्रोजेक्टर फक्त एचडीआर १० समजतो, तर टीव्हीलाही एचडीआर १० च मिळेल. एक १०८०पी असेल तर दोघांना १०८०पी. त्यामुळे स्प्लिटर घ्यायचाच असेल तर १८ गिगाबिट, एचडीसीपी २.२, स्वतःचा अडॅप्टर आणि ईडीआयडी (पडद्याचं ओळखपत्र, त्याला काय चालतं ते सांगणारं) निवडायची छोटी बटणं असलेला घ्या. तो रिसीव्हरच्या जवळ कपाटात ठेवा, प्रोजेक्टरजवळ नाही.

पण तुमच्या बाबतीत त्याहून सोपं आहे. टीव्ही नवा घेणार आहात, त्यात ईएआरसी (एआरसीचीच पुढची पायरी) असलेला घ्या, रिसीव्हरलाही ती सोय असेल तर टीव्हीचा आवाज केबलनंच त्याच्याकडे परत येतो. दिवसा स्टिकऐवजी टीव्हीतलीच ॲप वापरा. आणि रिसीव्हरचं आउट एकाच वेळी एकालाच हवं आहे, म्हणून ‘एक इन दोन आउट, बटणानं निवड’ असा उलटसुलट चालणारा स्विच पुरतो. त्यात ईडीआयडीची भानगड नाही, कारण एका वेळी एकच पडदा जोडलेला. तो कपाटात रिसीव्हरजवळच, छोट्या केबलवर. लांब फायबर केबलआधी बिनविजेचा स्विच नको, तिला ५ व्होल्ट पूर्ण मिळायला हवेत.

जुनी_कॅसेट

डीव्हीडी आणि व्हीसीआरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॅसेटी घरच्या आहेत, पुन्हा मिळणाऱ्या नाहीत, त्यामुळे हे नीट व्हायला हवं.

डीव्हीडी प्लेयरच्या मागे बघा. पिवळा, पांढरा, लाल असे तीन सॉकेट असतील, ते कंपोझिट आणि आवाज. शेजारी हिरवा, निळा, लाल असे आणखी तीन असतील तर ते कम्पोनंट, आणि तेच वापरा. यात एक लाल चित्राचा आणि एक लाल आवाजाचा, रंगावर न जाता वरची अक्षरं वाचा. चित्राचे रंग भलतेच आले तर लाल-निळ्यांची अदलाबदल झाली आहे का बघा. प्लेयरच्या मेनूत आउटपुट ‘प्रोग्रेसिव्ह’ करा, म्हणजे आपल्या पॅलच्या (आपल्याकडची जुनी टीव्हीपद्धत) डीव्हीडीतून ५७६पी मिळेल. रिसीव्हरला कम्पोनंट इन असेल आणि तो ते एचडीएमआयवर चढवत असेल तर काम झालं. अलीकडच्या बऱ्याच रिसीव्हरांत कम्पोनंट राहिलेलं नाही, कंपोझिट मात्र असतं. मॅन्युअलमध्ये ‘ॲनालॉग ते एचडीएमआय रूपांतर’ आहे का ते शोधा. नसेल तर पिवळ्या सॉकेटात लावलेलं चित्र रिसीव्हरमध्ये शिरेल पण एचडीएमआयमधून बाहेर येणार नाही.

तेव्हा एक डबी लागते, कंपोझिट ते एचडीएमआय. दुकानात ‘एव्ही टू एचडीएमआय’ असंच मागा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ उलट्या कामाची असते, दिसायला हुबेहूब. तिला यूएसबीचा ५ व्होल्टांचा पुरवठा लागतो, फोनचा जुना चार्जर चालतो. डबीवरचं बटण ७२०पी-१०८०पी असं असतं, १०८०पी ठेवा. पॅल की एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) हे तिनं आपोआप ओळखायला हवं. चित्र काळंपांढरं आलं किंवा वर सरकत राहिलं तर ओळखलं नाही.

व्हीसीआरचा वेगळाच त्रास आहे. टेप यांत्रिक असते, प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे येते. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा. ही डबी सांभाळत नाही, त्यामुळे चित्र मध्येच गोठतं किंवा निळा पडदा येतो. यावर उपाय टाइमबेस करेक्टर, म्हणजे पुढेमागे येणाऱ्या ओळी वेळेवर आणणारं यंत्र. काही डीव्हीडी रेकॉर्डरांतून सिग्नल आरपार नेला तरी बराच स्थिर होतो. कॅसेटी १०० इंचांवर थेट बघण्यापेक्षा एकदा नीट डिजिटल करून घ्या आणि फाइल स्टिकवरून चालवा. त्याआधी व्हीसीआरचं हेड स्वच्छ करून घ्या, आणि कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती आत घालूच नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. विदर्भात उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटींना ती धरतेच.

तारजोड_बर्डी

तार पक्की झाली, आता साधनांच्या सेटिंगबद्दल. इथे लोक घाई करतात आणि चांगल्या केबलवरही वाईट चित्र बघत बसतात.

सगळ्यात आधी रिसीव्हर. बऱ्याच रिसीव्हरांत प्रत्येक एचडीएमआय इनसाठी ‘४के सिग्नल फॉर्मॅट’ किंवा तशाच नावाचं सेटिंग असतं आणि ते कारखान्यातून ‘स्टँडर्ड’वर येतं. ते ‘एन्हान्स्ड’ केल्याशिवाय १८ गिगाबिट उघडत नाही. प्रोजेक्टरच्या मेनूतही असंच काहीतरी शोधा. दोन्हीकडे बदल केल्यावर यंत्रं बंद करून पुन्हा सुरू करा.

सुरू करायचा क्रम: प्रोजेक्टर, मग रिसीव्हर, मग साधन. साधनाला जागं झाल्यावर पलीकडे कोण आहे हे कळलं पाहिजे. उलट केलं तर साधन कुणीच नाही असं समजून कमी रिझोल्यूशनवर बसतं.

पीएस५: खोक्यातली केबल रिसीव्हरपर्यंत वापरा. ठिपके पुन्हा दिसले तर व्हिडिओ आउटपुटमध्ये ४के ट्रान्सफर रेट ऑटोमॅटिकवरून खाली आणा, रंगांची माहिती कमी जाते आणि १८ ऐवजी ११ गिगाबिटच्या आसपास भागतं. १४ फुटांवरून खेळताना हा फरक फारसा दिसत नाही. कन्सोलमध्ये एचडीसीपी बंद करायची सोय आहे, ती बंद केली तर सिनेमाची ॲप चालत नाहीत. मुलांनी रेकॉर्डिंगसाठी बंद करून ठेवली असेल तर तेही बघा. प्रोजेक्टरला गेम मोड.

स्ट्रीमिंग स्टिक: तिला स्वतःच्या अडॅप्टरवरच चालवा. रिसीव्हर किंवा प्रोजेक्टरच्या यूएसबीतून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो, मग स्टिक मध्येच रीस्टार्ट होते आणि दोष केबलला दिला जातो. रिसीव्हरच्या मागे धातूच्या पेटीला चिकटून बसली की वायफाय कमजोर होतं, म्हणून सोबत येणारा बोटभर एक्स्टेंडर लावून बाहेर काढा. फ्रेम रेट मूळ चित्राशी जुळवायचं सेटिंग चालू करा. सिनेमा २४ फ्रेमचा असतो, स्टिक ६० वर पाठवत राहिली की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. फायर टीव्हीवर रिझोल्यूशन चुकून असं लागलं की पडदाच काळा, तर रिमोटवरचं वरचं बटण आणि रिवाइंड पाच सेकंद एकत्र दाबा, ती एकेक रिझोल्यूशन बदलून दाखवते.

सेट-टॉप बॉक्स: आपलं प्रसारण ५० हर्ट्झचं. बॉक्स १०८०आय ५० वर ठेवा. ५७६ वर ठेवून ‘एचडी पॅक घेऊनही चित्र धूसर’ असं होतं. बॉक्सचा आवाज डॉल्बीवर करा, नाहीतर रिसीव्हरला ५.१ मिळणार नाही.

लॅपटॉप: प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र येत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा विजेची (थंडरबोल्टची) खूण आहे का बघा, किंवा मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ शोधा. फक्त चार्जिंगवाल्या पोर्टला कोणतंही कन्व्हर्टर लावून उपयोग नाही. विंडोजमध्ये ‘फक्त दुसरा पडदा’ निवडा. ‘डुप्लिकेट’ ठेवलं तर प्रोजेक्टरला लॅपटॉपचंच रिझोल्यूशन जातं. इनपुट चार आणि साधनं पाच होतात, तर लॅपटॉप कधीमधी लागणारा, त्याची केबल डीव्हीडीच्या डबीच्या जागी अदलाबदल करून लावा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर प्रोजेक्टर चित्रावर काम करायला वेळ घेत असतो. रिसीव्हरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवा, बातमीदाराच्या ओठांकडे बघत. गेम मोडमध्ये हा आकडा कमी लागतो, त्यामुळे कन्सोलच्या इनपुटला वेगळा ठेवा.

एक नागपूरचं म्हणून. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांची मर्यादा ३५ ते ४० अंशांची. मे महिन्यात बाहेर ४५ च्या पुढे असताना दुपारी बंद हॉलमध्ये छताजवळची हवा ती सहज ओलांडते. पीओपीच्या खोबणीत प्रोजेक्टर बसवू नका, चारी बाजूंना मोकळी हवा हवी. कूलरचा झोत प्रोजेक्टरवर थेट येणार नाही असा कूलर ठेवा. ओली हवा आणि धूळ मिळून फिल्टरवर थर बसतो. फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

मनीषनगर_हॉल

आज मोजलं, न्यूट्रल-अर्थिंग दीड व्होल्ट. रिसीव्हर मध्ये बसवून सेट-टॉप बॉक्स लावला, दरवेळी लागतो आहे. अडचण एकच: मिस्त्रीनं सकाळीच २५ मिमीचा पाइप टाकून टाकला, भिंतीतून छताकडे वळताना एक एल्बो आणि प्रोजेक्टरच्या जागी दुसरा. झिरी सिमेंटनं भरली आहे. छत अजून उघडं आहे. सगळं फोडू का?

वायरमन_प्रतापनगर

सगळं फोडू नका. छतावरचा भाग उघडाच आहे, तिथला पाइप काढून ३२ चा टाका आणि प्रोजेक्टरजवळचा एल्बो काढून टाका. तिथे जंक्शन बॉक्स ठेवा, तार वरून सरळ खाली येईल. भिंतीतला उभा २५ चा सरळच आहे, तो राहू द्या. प्रश्न फक्त भिंत आणि छत मिळतात त्या एल्बोचा. तिथलं वीतभर सिमेंट फोडा, एल्बो कापा आणि त्या जागी खोल जंक्शन बॉक्स बसवा, झाकण पीओपीच्या वरच्या पोकळीत उघडेल असं. तार बॉक्समध्ये मोठं वळण घेईल. पीओपीवाल्याला त्याच्या खाली एक फूट चौकोनी उघडझाप होणारी जाळी ठेवायला आजच सांगा.

तारजोड_बर्डी

हेच करा. त्यातही अडलं तर टोक सुटं होणारी फायबर केबल मिळते: आतून छोटं टोक ओढायचं आणि बाहेर आल्यावर त्यावर पूर्ण आकाराचं एचडीएमआय बसवायचं. सांधा एक वाढतो, म्हणून पहिली पसंती अखंड केबलला.

छत बंद करायच्या आदल्या दिवशी कोणतीही जुनी एचडीएमआय केबल नायलॉनच्या दोरीला बांधून पाइपातून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघा. ती कुठेही न अडता गेली तरच पीओपीवाल्याला हो म्हणा.